‘विश्वास मात्र धर’ आणि त्यापुढची वचने

मिरजेत आमच्या ख्रिस्ती मंडळीतील (चर्चमधील) बहुतेक घरांचा दिवस आता दैनिक मननाने सुरू होतो. पहाटे साडेपाचच्या सुमारास फोनवर बायबलमधील एक वचन येते, त्याखाली आठ-दहा ओळींचे विवेचन असते आणि शेवटी छोटीशी प्रार्थना. माझ्या लहानपणी हे काम रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत होत असे. आजी चष्मा पुसून एक अध्याय वाचायची, एखादे गीत म्हटले जायचे आणि मगच पाने मांडली जायची. पद्धत बदलली तरी भूक तीच आहे. मी स्वतः हे मनन रोज वाचते, आजारी माणसाला पाठवते आणि अनेकदा त्यातल्या एखाद्या वाक्याने माझा दिवस सावरलेला आहे. तेव्हा पुढे जे लिहिते आहे ते बाहेरच्या माणसाची टीका समजू नये. तीस वर्षे परिचारिका म्हणून काम केलेल्या आणि त्याहून अधिक वर्षे त्याच बाकावर बसून प्रभुभोजन घेतलेल्या बाईचे हे म्हणणे आहे.

विश्वास, आज्ञापालन आणि देवावरचा भरवसा हे तीन शब्द या मननांतून सतत येतात आणि यायलाच हवेत. परंतु गेल्या काही वर्षांत त्यांना एक वेगळा अर्थ चिकटू लागला आहे, आणि तो मुख्यतः चंगाईच्या, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करण्याच्या, सभांमधून घरात शिरतो आहे. विश्वास म्हणजे औषध सोडणे, आज्ञापालन म्हणजे सभेत बोलणाऱ्याचे ऐकणे आणि भरवसा म्हणजे काहीही न करता वाट पाहणे, असा तो अर्थ आहे. आमच्या मंडळीतील एक भगिनी कित्येक वर्षे इन्सुलिन घेत होती. एका सभेत तिला पुढे बोलावले गेले, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना झाली आणि सांगण्यात आले की, तू बरी झालीस, आता सुई टोचून घेणे हा देवावरचा अविश्वास आहे. तिने ऐकले. चौथ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, श्वास जोरजोरात चालू लागला आणि संध्याकाळपर्यंत तिची शुद्ध हरपली. ज्या शरीरात स्वतःचे इन्सुलिन तयारच होत नाही, ते बाहेरचे इन्सुलिन थांबल्यावर चरबी जाळू लागते आणि रक्तात आम्ल साठत जाते; हे होण्यास महिने लागत नाहीत, काही दिवस पुरतात. ती वाचली, कारण तिच्या मुलाने वेळेवर रिक्षा आणली. सभेत तिच्या डोक्यावर हात ठेवणारे दवाखान्यात आले नाहीत.

हा प्रश्न केवळ आमच्या मंडळीच्या चार भिंतींतला नाही. क्षयरोगाच्या माणसाने दोन महिन्यांत खोकला थांबला म्हणून, किंवा कोणी सभेत बरे झाल्याची ‘साक्ष’ द्यायला लावली म्हणून, गोळ्या मध्येच सोडल्या की उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात, आणि तेच जंतू हवेतून शेजाऱ्याच्या मुलाकडे जातात. साधा क्षय सहा महिन्यांच्या नियमित औषधाने बरा होतो आणि हे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. ते सोडण्याची शिकवण देणारा माणूस फक्त स्वतःच्या अनुयायाचा निर्णय घेत नसतो. म्हणून या शिकवणीची चर्चा उघडपणे व्हायला हवी, आणि ती आधी आपण ख्रिस्ती माणसांनी, आपल्याच शास्त्राच्या आधाराने करायला हवी.

सर्वांत जास्त वापरले जाणारे वचन मार्ककृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातील आहे. याईर नावाच्या सभास्थानाच्या अधिकाऱ्याची मुलगी मरणास टेकलेली आहे. येशू तिच्याकडे निघालेला असताना वाटेतच निरोप येतो की मुलगी गेली. तेव्हा येशू याईराला म्हणतो, भिऊ नको, विश्वास मात्र धर. हे छत्तिसावे वचन. पहाटेच्या मननात ते एकटे येते, सुंदर अक्षरांत, मागे उगवत्या सूर्याचे चित्र असते, आणि ‘मात्र’ (म्हणजे फक्त) या शब्दावर सगळा भार दिलेला असतो. पण अध्याय तिथे संपत नाही. येशू घरी जातो, रडणाऱ्या गर्दीला बाहेर काढतो, मुलीचा हात धरून तिला उठवतो आणि त्रेचाळिसाव्या वचनात घरच्यांना सांगतो की तिला काहीतरी खायला द्या. बारा वर्षांची मुलगी नुकतीच मरणातून परत आली आहे, एवढा मोठा चमत्कार घडलेला आहे, आणि तरीही तिच्या पोटाची काळजी येशूने आईबापांच्या हाती दिली आहे. ज्याने तिला उठवले, त्याला तिची भूक भागवणे अवघड नव्हते. त्याने ते काम घरच्यांकडे ठेवले. मधुमेहाच्या रोग्याची सुई, क्षयाच्या रोग्याची गोळी, फेपरे येणाऱ्या मुलाचे रोजचे औषध ही सगळी मला त्या त्रेचाळिसाव्या वचनातली कामे वाटतात.

यावर लगेच विचारले जाते की, त्याच अध्यायातील रक्तस्रावाने पीडित स्त्रीचे काय? तिने बारा वर्षे वैद्यांवर सर्व काही खर्च केले आणि तिला गुण आला नाही, असे मार्क स्पष्ट सांगतो. सांगतो, हे खरे. परंतु त्या वैद्यांकडे गेली म्हणून येशूने तिला दोष दिल्याचे एकही अक्षर तिथे नाही. त्याने तिला मुली म्हणून हाक मारली आणि शांतीने जा म्हटले. दुसरे उदाहरण यहूदाच्या आसा राजाचे दिले जाते, कारण दुसऱ्या इतिहासाच्या सोळाव्या अध्यायात म्हटले आहे की पाय दुखू लागले तेव्हा त्याने परमेश्वराकडे न जाता वैद्यांकडे धाव घेतली. हा अध्याय सुरुवातीपासून वाचावा. आसाने मंदिराच्या भांडारातले सोने-चांदी काढून अरामाच्या राजाची मदत विकत घेतली, त्याबद्दल कान उघाडणी करणाऱ्या द्रष्ट्याला कैदेत टाकले आणि प्रजेतील काही जणांना जाचले. देवाकडे पाठ फिरवलेल्या राजाची ती कथा आहे. वैद्य त्या कथेत शेवटी येतात, आणि पाप पहिल्याच वचनांत सुरू झालेले असते. याच्या उलट हिज्कीया राजाला यशया संदेष्ट्याने देवाचे वचन दिले, तुझे आयुष्य पंधरा वर्षांनी वाढले आहे म्हणून सांगितले, आणि त्याच वेळी गळवावर अंजिरांचे पोटीस बांधायलाही सांगितले. वचनही दिले आणि पोटीसही बांधले, आणि संदेष्ट्याला त्या दोहोंत काही विसंगती वाटली नाही. याकोबाच्या पत्रात आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करण्यास सांगितले आहे, आणि येशूच्या दृष्टांतातील चांगल्या शोमरोन्याने वाटेवर पडलेल्या माणसाच्या जखमांवर तेल व द्राक्षारसच ओतला होता; शिवाय उतारशाळेच्या मालकाला त्याच्या शुश्रूषेसाठी दोन दीनार दिले आणि जास्त खर्च झाला तर परत येताना देईन असेही सांगितले. शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकाला पौल प्रिय वैद्य म्हणतो.

नीतिसूत्रांतील तिसऱ्या अध्यायाचे वचन, आपल्याच बुद्धीवर अवलंबून राहू नकोस, हेही औषधाविरुद्ध वापरलेले मी ऐकले आहे. मला तर ते वचन सभेतल्या त्या उपदेशकालाच आधी लागू पडते असे वाटते, कारण रक्तातील साखर न तपासता बरी झालीस असे ठामपणे सांगणारा माणूस आपल्याच बुद्धीवर किती मोठा भार टाकत असतो!

शब्दांकडे थोडे थांबून पाहावे असे मला वाटते, कारण आपल्या मराठीत याबाबत एक ठेवा आहे आणि तो आपल्या ध्यानात येत नाही. आई म्हणते, पोरगा माझे ऐकत नाही. तेव्हा त्याच्या कानात दोष आहे असे कोणी समजत नाही. ऐकणे म्हणजे सांगितलेले करणे, हा अर्थ आपल्या बोलीत मुरलेला आहे. जुना करार ज्या इब्री (हिब्रू) भाषेत लिहिला गेला तिथेही ‘शमा’ या एकाच क्रियापदाने ऐकणे आणि आज्ञा पाळणे या दोन्ही गोष्टी सांगितल्या जातात. शमुवेल संदेष्टा शौल राजाला म्हणतो की यज्ञापेक्षा आज्ञा पाळणे बरे, तेव्हा तिथे हेच क्रियापद आहे. आणि विश्वासासाठी त्या भाषेत जो ‘एमुना’ शब्द आहे, त्याचा एक फार जुना वापर निर्गमाच्या सतराव्या अध्यायात सापडतो. रफीदीम येथे अमालेक्यांशी लढाई चालू असताना मोशेने हात वर धरले होते. ते जड झाले तेव्हा अहरोन आणि हूर यांनी त्याला दगडावर बसवले आणि दोन्ही बाजूंनी त्याचे हात धरून ठेवले, आणि सूर्य मावळेपर्यंत ते हात स्थिर राहिले. त्या स्थिरपणाला तिथे ‘एमुना’ म्हटले आहे. म्हणजे ज्या शब्दाचे भाषांतर आपण विश्वास असे करतो, तो शब्द इथे दमलेल्या हातांसाठी वापरलेला आहे, आणि ते हातही दुसऱ्या दोघांनी आधार दिला म्हणून टिकले. खाली दरीत यहोशवा लढतच होता. मोशेने प्रार्थना केली म्हणून यहोशवाला तलवार म्यान करायला कोणी सांगितले नाही.

मिरजेत राहणाऱ्या माणसाने तर हे विसरूच नये. डॉ. विल्यम वानलेस १८८९ साली भारतात आले, सुरुवातीला सांगलीत दवाखाना चालवला आणि नंतर मिरजेस आले. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांनी दिलेल्या जागेवर १८९४ साली रुग्णालय उभे राहिले आणि १८९७ साली वैद्यकीय शिक्षणाचा वर्ग सुरू झाला. हिंदू संस्थानिकाची जमीन, परदेशी ख्रिस्ती डॉक्टर आणि रेल्वेने दूरदूरहून येणारे सर्व जातिधर्मांचे रोगी, असे ते चित्र होते. क्षयरोग्यांसाठी सांगली आणि मिरज यांच्या मधल्या माळावर आरोग्यधाम झाले, आणि आज त्या वस्तीचे नावच वानलेसवाडी आहे. त्या काळी क्षयावर नेमके औषध नव्हते. मोकळी हवा, विश्रांती, दूध-अंडी आणि शुश्रूषा एवढेच हाती होते, आणि तरीही त्या माणसांनी रोग्यांना तुम्ही फक्त विश्वास ठेवा म्हणून घरी पाठवले नाही. मिशन दवाखान्यांत शस्त्रक्रियेच्या आधी प्रार्थना करण्याची पद्धत आहे. मी ती प्रार्थना शेकडो वेळा ऐकली आहे. ‘आमेन’ म्हटल्यावर सर्जन हात पुढे करत आणि त्यांच्या तळहातावर शस्त्र ठेवले जाई. त्या दोन क्षणांच्या मध्ये कोणाची श्रद्धा कमी झाल्याचे मला कधी दिसले नाही. या जिल्ह्यात मराठी ख्रिस्ती समाजाची ओळखच पिढ्यान्‌पिढ्या परिचारिका, कंपाउंडर, तंत्रज्ञ आणि डॉक्टर म्हणून झालेली आहे. आपल्या आयाआजींनी ज्या कामाला देवाची सेवा मानले, तेच काम अविश्वासाचे लक्षण ठरवणारी शिकवण आपल्याच व्यासपीठावरून दिली जावी, याचे मला फार दुःख होते.

आता आज्ञापालनाविषयी. आज्ञा कोणाची, हा प्रश्न मननांमध्ये फारसा विचारला जात नाही. देवाची आज्ञा आणि देवाच्या नावाने बोलणाऱ्या माणसाची आज्ञा यांत अंतर आहे, आणि ते ओळखण्याचा अधिकार शास्त्रानेच सामान्य माणसाला दिला आहे. पेत्र आणि प्रेषित न्यायसभेपुढे उभे राहून सांगतात की माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे, आणि ती न्यायसभा धर्माधिकाऱ्यांची होती, हे लक्षात घ्यावे. चंगाईच्या सभांत नामानाची गोष्ट नेहमी सांगितली जाते: अरामाचा सेनापती अलीशा संदेष्ट्याच्या सांगण्यावरून यार्देन नदीत सात वेळा बुडी मारतो आणि त्याचे कोड जाते. गोष्ट खरीच मोठी आहे. मात्र तिचा उत्तरार्ध सांगितला जात नाही. नामान भेटी देऊ लागला तेव्हा अलीशाने एकही घेतली नाही, आणि त्याचा चाकर गेहजी मागून धावत जाऊन खोटे बोलून चांदी व वस्त्रे घेऊन आला, तेव्हा नामानाचे कोड गेहजीला लागले. बरे झाल्याची साक्ष संपताच दानाच्या पिशव्या फिरवणाऱ्या सभेत हा उत्तरार्ध वाचला गेला पाहिजे.

अब्राहामाचे काय, असे मला एका तरुण उपदेशकाने विचारले होते. त्याने मोरियाच्या डोंगरावर इसहाक या मुलाचा बळी देण्याची, बुद्धीला न पटणारी आज्ञा पाळलीच ना? प्रश्न हलका नव्हता, आणि मी त्यावर बरेच दिवस विचार केला. त्या कथेत आज्ञा देणारा देव आहे आणि हात थांबवणाराही देवच आहे. इसहाक जिवंत घरी येतो. सभेत सांगणाऱ्या ज्या माणसाला चौथ्या दिवशी येऊन हात थांबवता येणार नाही, त्याने पहिल्या दिवशी देवाच्या जागी उभे राहू नये.

स्वतंत्रपणे ऐकण्याची परंपरा आपल्याकडे आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, अनेक वर्षे मिशनच्या सेवेत राहिले आणि १९१७ साली मिशनचे वेतन सोडून साताऱ्यास आले. तिथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात जागा दिली. पगार सोडून उतारवयात असा डाव मांडणे हा भरवसाच होता. पण तो विचार करणाऱ्या माणसाचा भरवसा होता, आणि कोणा वरिष्ठाच्या शब्दापुढे मान तुकवून तो आलेला नव्हता.

साताऱ्याचा उल्लेख आला म्हणून दुसऱ्या एका सातारकराबद्दल बोलणे भाग आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी अनेक वर्षे झटले, तो २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाल्यानंतर आधी वटहुकमाच्या रूपाने आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळाच्या मंजुरीने अस्तित्वात आला. कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्राचे उपाय करणे हा त्या कायद्याने गुन्हा ठरवला आहे. आमच्यातील काही जणांना हा कायदा श्रद्धेविरुद्ध वाटतो. मला वाटत नाही. प्रार्थनेला त्याने हात लावलेला नाही. रोग्याच्या दवाखान्याच्या वाटेत आडवे उभे राहणाऱ्याला तो अडवतो. तिथे आडवे उभे राहणारा माणूस कोणत्या धर्माचा आहे, याने रोग्याच्या नाडीत काही फरक पडत नाही. आपण अल्पसंख्य आहोत, आपल्या उणिवा उघड बोललो तर त्या आपल्याविरुद्ध वापरल्या जातील, प्रार्थनासभांवर उगीच संशय वाढेल, ही भीती मलाही आहे आणि ती निराधार नाही. पण त्या भीतीपोटी गप्प राहिल्याची किंमत सभेत पुढे बोलावल्या जाणाऱ्या गरीब बाईने मोजावी, हे ख्रिस्ताच्या मंडळीला शोभत नाही.

या शिकवणीचा सर्वांत निष्ठुर भाग मी अजून सांगितलेला नाही. रोगी बरा झाला नाही तर त्याचा विश्वास कमी पडला, असे म्हटले जाते. कर्करोगाच्या शेवटच्या दिवसांत एका गृहस्थांनी माझा हात धरून विचारले होते की, सिस्टर, माझ्यात नेमके काय खोटे होते म्हणून देवाने ऐकले नाही? त्यांना वेदनाशामक औषध देता येत होते; या प्रश्नाची वेदना कशाने शमवायची ते मला समजेना. मी त्यांना योहानाचा नववा अध्याय वाचून दाखवला. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारले होते की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे, आणि येशूने दोन्ही पर्याय नाकारले होते. पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीन वेळा विनंती केली आणि तो निघाला नाही. त्याच्याएवढा विश्वास आमच्यापैकी कोणाचा आहे? गेथशेमाने बागेत स्वतः येशूने दुःखाचा प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली, आणि तो टळला नाही. शद्रख, मेशख आणि अबेद्नगो हे तिघे नबुखद्नेस्सर राजाला म्हणतात की आमचा देव आम्हाला धगधगत्या भट्टीतून सोडवण्यास समर्थ आहे, आणि लगेच पुढे म्हणतात की त्याने सोडवले नाही तरीही आम्ही तुझ्या मूर्तीला दंडवत घालणार नाही. हे ‘सोडवले नाही तरीही’ ज्या मननात येत नाही, ते मनन आजाऱ्याच्या उशाशी वाचण्याच्या योग्यतेचे नाही, असे माझे ठाम मत आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. त्या आठवड्यात यशयाच्या त्रेचाळिसाव्या अध्यायातील, तू पाण्यातून चालशील तेव्हा मी तुझ्याबरोबर असेन, हे वचन आम्हा सर्वांच्या फोनवर फिरत होते. मी ते वाचून रडले होते. त्याच सकाळी मंडळीच्या सभागृहात कणीक मळायला घेतली गेली, कोणी गोळ्यांच्या पट्ट्या गोळा करून आणल्या, आणि ज्यांच्या रक्तदाबाच्या व साखरेच्या गोळ्या पुरात वाहून गेल्या होत्या अशा म्हाताऱ्या माणसांची यादी आम्ही केली. ते वचन खरे कसे ठरते, हे मला त्या दिवशी कोणी समजावून सांगण्याची गरज पडली नाही.

माझी मागणी मोठी नाही. मनन लिहिणाऱ्यांनी चंगाईचे वचन निवडले तर त्याच्या मागचा-पुढचा भाग वाचकाला द्यावा. आजाऱ्यासाठी प्रार्थना केल्यावर पाळकसाहेबांनी, वडीलजनांनी, भगिनी मंडळाच्या बायकांनी त्याच दमात विचारावे की औषध चालू आहे ना, पुढची तपासणी कधी आहे, सोबत कोण जाणार आहे. कोणी औषध बंद करायला सांगितले असेल तर ते मंडळीच्या सभेत उघडपणे चुकीचे ठरवावे, आणि सांगणारा आपला मित्र असला तरी त्याला व्यासपीठ देऊ नये.

ती भगिनी आता पुन्हा प्रार्थनेला येते. घरोघरच्या संध्याकाळच्या प्रार्थनेत जेवणाआधी ती पिशवीतून इन्सुलिनचे पेन काढते आणि पूर्वी आत खोलीत जाऊन टोचून घ्यायची, ते आता सर्वांसमोर टोचून घेते. गेल्या महिन्यात वाचनाची पाळी तिची होती. तिने मार्काचा पाचवा अध्याय काढला, छत्तिसाव्या वचनाशी तिचा आवाज थोडा अडखळला, पण ती थांबली नाही. त्रेचाळिसावे वचन वाचून झाल्यावर तिने शास्त्र मिटले, आणि घरच्या सुनेने ताटे वाढायला घेतली.